सरकारी वकील, खानदेश आणि फौजदारी कायद्याची सुधारणा

फौजदारी खटल्यात ज्याच्यावर अन्याय झाला तो फिर्यादी आणि ज्याच्यावर आरोप आहे तो आरोपी एवढेच दोन पक्ष असतात, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु कायद्याच्या दृष्टीने गुन्हा हा एका व्यक्तीपुरता अपराध नसून संपूर्ण समाजाविरुद्धचा अपराध असल्यामुळे खटला राज्याच्या नावाने चालतो आणि राज्याची बाजू मांडण्याची जबाबदारी सरकारी वकिलावर येते. पोलिसांचा तपास कितीही कसोशीने झालेला असला, तरी तो न्यायालयात पुराव्याच्या रूपाने उभा करण्याचे काम याच वकिलाला करावे लागते. या पदाविषयी समाजात कुतूहल मोठे असले तरी त्याची रचना, त्याच्या मर्यादा आणि त्यात सुधारणा व्हावी म्हणून गेल्या सत्तर वर्षांत झालेला अभ्यास फारसा कोणाला परिचित नाही. जळगाव आणि धुळे या खानदेशातील दोन जिल्ह्यांच्या आधारे हा विषय समजून घेता येतो, कारण देशातील सर्वांत परिचित सरकारी वकिलाची जडणघडण जळगावच्या न्यायालयात झाली, तर धुळ्याच्या न्यायालयात गेल्या काही वर्षांत असे दोन खटले चालले, ज्यांत अभियोगाच्या, म्हणजे राज्यातर्फे खटला चालवण्याच्या कामातील दोन निरनिराळ्या अडचणी स्पष्ट दिसतात.

सरकारी वकिलांचे स्थूलमानाने तीन वर्ग आहेत. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात काम करणारे सहायक सरकारी अभियोक्ता हे पूर्णवेळ शासकीय नोकर असतात. खून, दरोडा, बलात्कार यांसारखे गंभीर खटले ज्या सत्र न्यायालयात चालतात, तेथे जिल्हा सरकारी वकील आणि त्यांचे सहकारी काम पाहतात. ते खासगी व्यवसाय करणाऱ्या, किमान सात वर्षांचा अनुभव असलेल्या वकिलांतून ठरावीक मुदतीसाठी नेमले जातात. तिसरा वर्ग विशेष सरकारी वकिलांचा असून किमान दहा वर्षे वकिली केलेल्या व्यक्तीला एखाद्या खटल्यापुरते किंवा खटल्यांच्या गटापुरते हे काम सोपवले जाते.

उज्ज्वल निकम यांची कारकीर्द यांपैकी दुसऱ्या वर्गातून तिसऱ्या वर्गाकडे गेली. १९५३ मध्ये जळगाव येथे जन्मलेल्या निकम यांनी विज्ञानाची पदवी घेतल्यानंतर जळगावच्याच मणियार विधी महाविद्यालयातून कायद्याचे शिक्षण पूर्ण केले आणि पुढे जिल्हा सरकारी वकील म्हणून काम करताना सत्र न्यायालयातील दैनंदिन अभियोगाचा अनुभव मिळवला. पंचनाम्यातील उणीव हेरणे, मुद्देमालाची साखळी कोठे तुटते ते पाहणे, साक्षीदाराची सरतपासणी, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या पक्षाने घेतलेली पहिली साक्ष, क्रमाने नोंदवून घेणे आणि बचाव पक्षाच्या उलटतपासणीला ती साक्ष टिकेल याची काळजी घेणे, ही कौशल्ये जिल्हा न्यायालयाच्या कामातूनच येतात. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या खटल्यासाठी त्यांची विशेष सरकारी वकील म्हणून नेमणूक झाल्यावर याच कौशल्यांची फार मोठ्या प्रमाणावर कसोटी लागली. या स्फोटांत २५७ जणांचा मृत्यू झाला होता आणि २००६-०७ मध्ये न्यायाधीश प्र. द. कोदे यांनी दिलेल्या निकालात १२३ आरोपींपैकी १०० जण दोषी ठरले. हा खटला टाडा या विशेष कायद्याखाली चालल्यामुळे वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य होता. साध्या कायद्यात पोलिसांसमोरच्या कबुलीला असे स्थान नाही, आणि ते का नसावे, हा कायदासुधारणेच्या चर्चेतील एक जुना प्रश्न आहे.

पुढे गेट वे ऑफ इंडिया आणि झवेरी बाजार येथील २००३ चे स्फोट, खैरलांजी हत्याकांड, २६ नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरील हल्ला, शक्ती मिल आणि कोपर्डी येथील अत्याचाराची प्रकरणे अशा अनेक खटल्यांत निकम यांनी राज्याची बाजू मांडली आणि २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावापुढे ६२८ जन्मठेपा आणि ३७ फाशीच्या शिक्षा असा हिशेब सर्रास दिला जातो. मात्र सरकारी वकिलाच्या कामाचे माप शिक्षांच्या संख्येने काढावे काय, हा या विषयाचा कळीचा प्रश्न आहे आणि कायद्याने त्याचे उत्तर नकारार्थी दिलेले आहे. शिवकुमार विरुद्ध हुकुमचंद या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की काहीही करून आरोपीला शिक्षा मिळवून देणे हे सरकारी वकिलाचे कर्तव्य नसून आरोपीच्या हिताचा जो पुरावा असेल तोही न्यायालयापुढे आणणे त्याच्यावर बंधनकारक आहे.

या कसोटीवर पाहिले असता गाजलेल्या खटल्यांचे चित्र अधिक गुंतागुंतीचे दिसते. मुंबई हल्ल्याच्या खटल्यात ३ मे २०१० रोजी न्यायाधीश म. ल. टहलियानी यांनी अजमल कसाबला दोषी ठरवले, परंतु त्याच निकालाने दोन भारतीय सहआरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दोन्ही निष्कर्ष कायम ठेवले. खैरलांजी प्रकरणात भंडारा येथील न्यायालयाने सहा जणांना दिलेली फाशी उच्च न्यायालयाने २०१० मध्ये पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली. कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितल्याची गोष्ट आपणच रचली होती, अशी कबुली निकम यांनी २०१५ मध्ये दिली आणि आरोपीविषयी निर्माण होणारी सहानुभूती थोपवण्यासाठी तसे केल्याचे सांगितले; हेतू कोणताही असला, तरी खटला चालू असताना राज्याच्या वकिलाने न्यायालयाबाहेर असत्य पसरवणे त्या पदाच्या मर्यादेत बसत नाही. २०२४ ची लोकसभा निवडणूक भारतीय जनता पक्षातर्फे लढवून पराभूत झाल्यावर त्यांची विशेष सरकारी वकील म्हणून पुन्हा नेमणूक झाली तेव्हा विरोधी पक्षांनी घेतलेला आक्षेप आणि जुलै २०२५ मध्ये राज्यसभेवर झालेले त्यांचे नामनिर्देशन यांमुळे, सत्तेपासून सरकारी वकील किती अंतरावर असावा, हा प्रश्नही ऐरणीवर आला.

धुळ्यातील दोन खटले याच प्रश्नाची निराळी अंगे दाखवतात. जळगाव नगरपालिकेच्या घरकुल योजनेतील गैरव्यवहाराची फिर्याद २००६ मध्ये दाखल झाली आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी ठरवले, त्यानंतर प्रकरण अपिलात गेले. अशा खटल्यात प्रत्यक्षदर्शी साक्षीदारापेक्षा ठराव, निविदा, देयके आणि बँकेच्या नोंदी बोलत असतात. त्यामुळे हिशेब वाचू शकणारा आणि कागदपत्रांतून कटाचा धागा सिद्ध करू शकणारा अभियोक्ता लागतो. फिर्यादीपासून निकालापर्यंत तेरा वर्षे गेली, ही बाब आर्थिक गुन्ह्यांच्या अभियोगासाठी जिल्हा स्तरावर वेगळी तयारी असण्याची गरज अधोरेखित करते.

दुसरे प्रकरण साक्री तालुक्यातील राईनपाड्याचे आहे. १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी आल्याच्या, मोबाइलवरून पसरलेल्या अफवेमुळे जमावाने नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना ठार मारले. या खटल्यात निकम विशेष सरकारी वकील होते आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळ्याच्या सत्र न्यायालयाने सात जणांना जन्मठेपेची शिक्षा दिली. जमावाच्या गुन्ह्यात कोणी कोणता घाव घातला हे सांगणारा साक्षीदार मिळणे अवघड असते आणि मिळालेला साक्षीदार त्याच गावचा असल्यामुळे त्याच्यावर दबाव येतो; म्हणून प्रत्येक आरोपीची ओळख आणि सहभाग स्वतंत्रपणे सिद्ध करणे हे अभियोगापुढचे खरे आव्हान ठरते. या घटनेनंतर अवघ्या सोळा दिवसांनी तहसीन पूनावाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करण्यास संसदेला सुचवले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये पाच किंवा अधिक व्यक्तींनी मिळून जात, समूह, जन्मस्थान, भाषा आदी कारणांवरून केलेल्या हत्येची वेगळी तरतूद आली. तथापि निव्वळ अफवेतून झालेली हत्या या कारणांच्या यादीत कोठे बसवावी, याचे सरळ उत्तर त्या कलमात नाही. त्यामुळे राईनपाड्यासारखी घटना पुन्हा घडल्यास सरकारी वकिलाला खुनाच्या साध्या कलमाचा आधार घ्यावा लागण्याची शक्यता राहते.

कायद्यातील अशा फटी शोधण्याचे काम कायदासुधारणेचे संशोधन करते. स्वतंत्र भारताचा पहिला विधी आयोग, म्हणजे कायद्यांचा अभ्यास करून शासनाला शिफारशी करणारे मंडळ, १९५५ मध्ये मो. चि. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाला आणि १९५८ च्या चौदाव्या अहवालात त्याने अभियोगाची यंत्रणा पोलीस खात्यापासून वेगळी करण्याची शिफारस केली. ज्याने तपास केला त्याच्याच हाताखाली काम करणारा वकील त्या तपासातील दोष निर्भयपणे दाखवू शकत नाही, हे त्यामागचे कारण होते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने हे तत्त्व स्वीकारले, तरी महाराष्ट्रात त्याची पूर्ण अंमलबजावणी होण्यासाठी शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, की सहायक सरकारी अभियोक्त्यांचा स्वतंत्र संवर्ग करून त्यांना पोलिसांच्या नियंत्रणातून मुक्त करावे. खानदेशातील तालुका न्यायालयांत आज काम करणारा अभियोक्ता पोलीस अधीक्षकांना उत्तरदायी नाही, तो या निकालामुळे.

त्यानंतर न्यायमूर्ती मळीमठ समितीने २००३ मध्ये अभियोग संचालनालय बळकट करण्याची सूचना केली. आरोपीविरुद्धच्या पुराव्याची कसोटी काहीशी सैल करण्याच्या तिच्या शिफारशीवर मात्र कायदेतज्ज्ञांनी कडाडून टीका केली. विधी आयोगाच्या २००६ च्या १९७ व्या अहवालाने सरकारी वकिलांच्या नेमणुकीचा विषय हाती घेतला आणि नेमणुकीपूर्वी न्यायसंस्थेशी करावयाची सल्लामसलत काही राज्यांनी दुरुस्ती करून गाळली, याकडे लक्ष वेधले. महाराष्ट्र हे त्या राज्यांपैकी एक होते. त्याच वर्षीच्या १९८ व्या अहवालाने साक्षीदारांच्या संरक्षणाचा आराखडा मांडला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली.

२०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत प्रत्येक जिल्ह्यात अभियोग संचालनालय स्थापन करण्याची तरतूद आहे आणि शिक्षेच्या मुदतीनुसार संचालक, उपसंचालक व सहायक संचालक यांच्यावर खटल्यांच्या देखरेखीची जबाबदारी वाटून दिली आहे. खटला मागे घेण्यापूर्वी पीडिताचे म्हणणे ऐकणेही आता बंधनकारक आहे. या जमेच्या बाजू असल्या, तरी संचालकाच्या नेमणुकीसाठी पूर्वी लागणारी उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींची सहमती नव्या संहितेत राहिलेली नाही आणि संचालनालय गृह विभागाच्याच प्रशासकीय नियंत्रणाखाली आहे. पोलीसही त्याच विभागाचे असल्यामुळे १९५८ मध्ये मांडलेला स्वातंत्र्याचा मुद्दा अर्ध्या वाटेवरच थांबलेला आहे.

हा अभ्यास केवळ दिल्लीतील आयोगांनी करावा असे नाही. जिल्हा न्यायालयांचे निकाल आता संगणकावर उपलब्ध असताना, जळगाव आणि धुळ्यातील विधी महाविद्यालयांनी साक्षीदार कोणत्या टप्प्यावर फितूर होतात, निर्दोष सुटकेच्या निकालांत तपासातील कोणते दोष पुन्हा पुन्हा नोंदवले जातात आणि एका सरकारी वकिलाकडे एका वेळी किती खटले असतात, याची पद्धतशीर पाहणी केली, तर कायदा करणाऱ्यांना आज न मिळणारी माहिती मिळेल. गाजलेल्या खटल्यांतील विशेष सरकारी वकिलांमुळे या पदाला प्रतिष्ठा मिळाली, हे खरे आहे; परंतु सामान्य नागरिकाचा खटला जिल्हा सरकारी वकीलच चालवतो, आणि त्याची नेमणूक निःपक्षपाती, त्याचे प्रशिक्षण पुरेसे व त्याच्या हाताखालील साधने सक्षम असल्याशिवाय फौजदारी न्यायाची कोणतीही सुधारणा पूर्ण झाली असे म्हणता येणार नाही.