परदेशी वारस आणि तिजोरीतले इच्छापत्र

वडीगोद्री हे अंबड तालुक्यातले, धुळे-सोलापूर महामार्गावरचे गाव. मराठवाड्यातील अशाच गावांत आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज मारवाडातून लोटा-दोरी घेऊन आले, तेव्हा येथे निजामाचा अंमल होता. आज त्याच घराण्यांतील नातवंडे न्यू जर्सीत, लंडनमध्ये संसार मांडतात. स्थलांतर आपल्याला नवे नाही. मालमत्ता एका देशात आणि वारस दुसऱ्या देशात, ही स्थिती मात्र नवी आहे. दर दिवाळीला वहीपूजन करून आपण जुनी बाकी नव्या वहीत ओढतो. इच्छापत्र मात्र एकदा केले की तिजोरीच्या तळाशी जाते ते कायमचेच.

आणि ते आपोआप बाद होत नाही. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात विवाहानंतर आधीचे इच्छापत्र रद्द होण्याची तरतूद आहे. पण ती हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना लागू नाही. परदेशी जाण्यापूर्वी अविवाहित मुलाने आईवडिलांच्या नावे केलेला कागद लग्नानंतरही उभाच राहतो. त्यात सून नसते, नातवंडे नसतात. इंग्लंडमध्ये नेमके उलट आहे, तेथे विवाहाने जुने इच्छापत्र सामान्यतः संपते. तिकडे स्थायिक झालेल्याने दोन्ही नियम ध्यानात ठेवले पाहिजेत.

याहून घातक आहे एक साधे वाक्य. परदेशातील वकील नवे इच्छापत्र लिहितो, तेव्हा ‘यापूर्वीची माझी सर्व इच्छापत्रे रद्द’ असे बहुधा आरंभीच असते. त्या एका ओळीने गावच्या दुकानाचे, गोदामाचे इच्छापत्रही पुसले जाते. म्हणून प्रत्येक देशातील मालमत्तेचे इच्छापत्र वेगळे करावे, ते कोणत्या मालमत्तेपुरते आहे हे त्यात लिहावे आणि एकात दुसऱ्याचा उल्लेख असावा.

‘नॉमिनीचे नाव घातले आहे, आता काळजी कसली?’ हे उत्तर आपल्या पेढ्यांवर नेहमी ऐकू येते. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर २०१३ मध्ये निवर्तले, त्यांनी मागे इच्छापत्र ठेवले होते, आणि काही गुंतवणुकींवर नॉमिनीही नेमलेले होते. त्यातून उभा राहिलेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयाने सांगितले, की शेअर आणि म्युच्युअल फंडाचा नॉमिनी हा मालक ठरत नाही. मालकी उत्तराधिकाराच्या कायद्यानेच ठरते. नॉमिनी रक्कम स्वीकारतो, हक्क वारसांचा राहतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी नेमता येतात, ही सोय चांगलीच. पण तिने इच्छापत्राची जागा भरून निघत नाही.

मुखत्यारपत्राविषयीचा गैरसमज तर त्याहून खोल आहे. परदेशातील मुलगा वडिलांना मुखत्यार नेमतो आणि वर्षानुवर्षे व्यवहार सुरळीत चालतो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे देणारा किंवा घेणारा, कोणीही वारला की ते सामान्यतः संपते. देणाऱ्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली तरीही संपते. म्हणजे वडील गेले त्याच दिवशी, सही सर्वांत निकडीची असताना, कागद निरुपयोगी होतो. नवे मुखत्यारपत्र परदेशातून पाठवायचे तर भारतीय वकिलातीत किंवा तेथील नोटरीसमोर सही करून, ते भारतात पोहोचल्यावर तीन महिन्यांत मुद्रांकित करावे लागते.

शेतजमिनीचे नियम आणखी वेगळे. परदेशी नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते. अनिवासी भारतीय किंवा ओसीआय कार्डधारक यांना शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र मिळू शकते. पुढे ती विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. वारस नोंदीची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यावी लागते. साधे बचत खातेही अनिवासी होताच एनआरओ करून घ्यावे लागते. आणि परदेशी नांदणारी कन्याही वारसच असते. २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मालमत्तेत तिचा हक्क भावाइतकाच आहे. ती ‘लांब गेली’ म्हणून जुन्या कागदात नाव नसेल, तर उद्याचा तंटा आजच लिहून ठेवल्यासारखा आहे.

जुना कागद उघडून पाहताना साक्षीदारांची नावेही वाचावीत. कायद्याला दोन साक्षीदार हवेत, आणि वेळ आली तर त्यांच्यापैकी एकाला न्यायालयात उभे राहून सांगावे लागते. तीस वर्षांपूर्वी सही करणारे मुनीमजी आता कोठे असतील? नव्या इच्छापत्रावर वयाने आपल्यापेक्षा लहान, गावातच राहणारे साक्षीदार घ्यावेत, त्यांपैकी एक डॉक्टर असल्यास बरे, आणि शक्य तर ते दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवून त्याची एक प्रत परदेशातील मुलाकडे द्यावी.