बिनव्याजी कार्ड : कोणाला, किती दिवस?

जालना : मोंढ्यातील उधारी जालनेकरांना नवी नाही. ‘सोने का पालना’ म्हणविणाऱ्या या व्यापारी शहरात हंगामाला माल आणि सुगीला पैसे, हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आता तीच गरज क्रेडिट कार्डावर भागविली जाते. ‘बिनव्याजी’ आणि ‘हमखास मंजुरी’ हे दोन शब्द ऐकले की अर्जावर सही करण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. मात्र या दोन्ही शब्दांना अटी आहेत.

कार्डावरील बिनव्याजी मुदत साधारणतः ४५ ते ५० दिवसांची असते, तीही प्रत्येक खरेदीला नव्हे. बिल दरमहा ५ तारखेला निघत असेल आणि भरणा २५ तारखेला असेल, तर ६ तारखेच्या खरेदीला सुमारे ५० दिवस मिळतात. ४ तारखेच्या खरेदीला जेमतेम तीन आठवडे. शिवाय संपूर्ण बिल भरले तरच ही सवलत. वीस हजारांच्या बिलापोटी किमान रक्कम म्हणून एक हजार भरून निश्चिंत होणाऱ्याला उरलेल्या १९ हजारांवर, दरमहा साडेतीन टक्के दर धरल्यास, महिन्याला ६६५ रुपये व्याज पडते. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. नव्या खरेदीलाही मग पहिल्या दिवसापासून व्याज लागते. एटीएममधून काढलेल्या रोख रकमेला तर बिनव्याजी मुदत नसतेच. वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज आकारू नये, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८चा आदेश होता. तो सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४मध्ये रद्द केला.

‘शून्य टक्के हप्त्यां’बाबत तर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३मध्येच, अशी संकल्पना अस्तित्वातच नाही, असे बँकांना बजावले होते. व्याज कुठे तरी, बहुधा प्रक्रिया शुल्कात, दडलेले असते.

राहिला प्रश्न मंजुरीचा. बँक अर्जदाराचे उत्पन्न आणि ३०० ते ९०० या दरम्यानचा सिबिल गुणांक पाहते. पूर्वी कर्जच घेतले नसेल, तर हा गुणांकही नसतो. अशांसाठी सोपा मार्ग म्हणजे मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड. ठेव तारण असल्याने उत्पन्नाच्या दाखल्याचा आग्रह सहसा धरला जात नाही. कार्डाचे शुल्क बिलातून आकारले जाते. त्यामुळे मंजुरीपूर्वीच कोणी ‘फाइल चार्ज’ रोख मागितला, तर तेथेच थांबणे बरे. न मागता कार्ड देण्यास रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार मनाई आहे.

खऱ्या अर्थाने बिनव्याजी म्हणता येईल असे कार्ड जालन्यात आहे, पण ते शेतकऱ्याचे. १९९८मध्ये सुरू झालेल्या किसान क्रेडिट कार्डावर तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज सात टक्क्यांनी मिळते. वेळेवर फेडल्यास केंद्राची तीन टक्के सवलत आणि उरलेल्या व्याजाचा भार डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून राज्याने उचलावा, असे धोरण २०२१पासून आहे. शहरात राहून गावाकडे जमीन राखणाऱ्यांनाही ते घेता येते. त्यासाठी सातबारा, आठ-अ आणि अन्य बँकेचे पीककर्ज थकीत नसल्याचा दाखला तयार ठेवावा. व्याजाची सवलत मात्र परतफेड मुदतीत झाली तरच मिळते.