तुमचा आजचा तास कसा झाला?

'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स' शिकवणारी माणसं स्टाफरूममध्ये काय बोलतात? पेपर तपासणी, समितीची तारीख, सीओ-पीओ मॅपिंगच्या फायली. बेंडिंग मोमेंट शिकवताना निम्मा वर्ग नेमका कुठे मागे राहिला, हे मात्र कुणी कुणाला सांगत नाही. शेजारच्या वर्गात तोच धडा, तीच अडचण. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते आणि आमच्यातला हा अबोला मला पगाराच्या प्रश्नाइतकाच गंभीर वाटतो.

जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ साली एका पुस्तकात 'कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस' ही कल्पना मांडली. एकच काम करणारी माणसं ते करता करता एकमेकांकडून शिकतात, असं त्यांचं म्हणणं. लेव्ह यांनी लायबेरियातल्या शिंप्यांचा अभ्यास केला होता. तिथला उमेदवार आधी बटणं लावायचा, इस्त्री करायचा, मग शिवण, कापड बेतणं अगदी शेवटी. शिवण उसवता येते, चुकीचं कापलेलं कापड वाया जातं. शिवाय तोवर कपडे हाताखालून गेलेले, त्यामुळे बेतायचं काय हे पोराला ठाऊक असे. आमच्याकडे उलटं: आधी सूत्रं, यंत्र उघडून बघायचं नंतर, जमलं तर.

मला याहून आवडतात ते झेरॉक्स कंपनीचे दुरुस्ती तंत्रज्ञ. ज्युलियन ऑर हा मानववंशशास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर फिरला. कंपनीने पुस्तिका दिली होती: अमका बिघाड, तमका उपाय. पण यंत्रं पुस्तिका वाचत नाहीत. म्हणून हे लोक खाता-पिताना अडेलतट्टू यंत्रांचे किस्से सांगत, आणि त्यातूनच दुसऱ्याची दुरुस्ती निभावे. पुढे कंपनीने अशा युक्त्यांचा 'युरेका' नावाचा संग्रहच केला. युक्ती आधी इतर तंत्रज्ञ तपासत आणि तिच्याखाली देणाऱ्याचं नाव राही.

शिक्षकांसाठीही असे प्रयत्न झालेत. आयआयटी मुंबईने दहा हजार शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा उपक्रम इंटरनेटवरून चालवला. अभियांत्रिकी शिक्षणातल्या प्रयोगांना वाहिलेलं एक संशोधन नियतकालिक चक्क इस्लामपूरजवळच्या राजारामनगरहून निघतं. पण नियतकालिकात येतो तो साधलेला प्रयोग. फसलेल्या तासाला चहाच लागतो.

आम्ही तीन-चार महाविद्यालयांतले शिक्षक शनिवारी दुपारी बसतो. एका सरांनी गादीचा फोम आणला, कडेवर स्केचपेनने उभ्या रेघा मारल्या आणि तो वाकवला. आतल्या बाजूला रेघा जवळ आल्या, बाहेरच्या बाजूला फाकल्या. मधे कुठेतरी अंतर होतं तेवढंच राहिलं. न्यूट्रल ॲक्सिस! तेवढ्यात वर्कशॉपचे निदेशक म्हणाले, "मॅडम, पट्टी वाकवताना तडा बाहेरच्याच अंगाला जातो. तुकडे पडलेत भंगारात, आणू?" त्या तुकड्यांनी माझा पुढचा तास तारला. हे निदेशक कुठल्याच विभागीय बैठकीला नसतात. त्यांना बोलवायचं कुणाला सुचतच नाही.

एका संस्थेने असा गट परिपत्रक काढून सुरू केला. अध्यक्ष, सचिव, मासिक अहवाल, उपस्थितीचे फोटो. सगळे वेळेवर येत आणि कुणीही फसलेल्या तासाबद्दल बोलत नसे. वरिष्ठ समोर बसलेले असताना कोण बोलेल?

पुढच्या शनिवारी टॉर्शन आहे. खडू पिळला की तो सरळ आडवा तुटत नाही, सुमारे ४५ अंशांत तिरका तुटतो. का, ते मुलांनीच शोधावं असा बेत आहे. प्राचार्यांकडे खडूच्या दोन पेट्या मागितल्यात.