घरच्या घरी हॉरर सिनेमांचे प्रॉप्स: छंद म्हणून ठीक, पण धंदा म्हणून परवडतो का?



मास्क-मेकिंगच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: "मॅडम, हॉरर पिक्चरमधले मास्क, खोटं रक्त, जुनी पुस्तकं हे सगळं घरी बनवून विकता येईल का?" व्हिडिओत फक्त बनवायचं कसं ते दाखवलं होतं. आज पूर्ण हिशोब करू. काय बनवायचं, खर्च किती धरायचा, कुणाला विकायचं आणि कायद्याने काय चालत नाही. शेवटचा मुद्दा सोडून पुढे जाऊ नका, कारण पैसे तिथेच बुडतात.

भारी प्रॉप म्हणजे महाग प्रॉप नाही

१९७८ सालच्या "हॅलोवीन" या अमेरिकन सिनेमातला मायकेल मायर्सचा पांढरा मुखवटा आठवतोय? तो खास बनवून घेतलेला नव्हता. दुकानात दोन डॉलरच्या आत मिळणारा "स्टार ट्रेक"मधल्या कॅप्टन कर्कचा रबरी मुखवटा होता तो. टीमने काय केलं? भुवया आणि कल्ले काढले, डोळ्यांची भोकं मोठी केली, केसांचा रंग बदलला आणि चेहऱ्याला पांढरा रंग दिला. झालं! आज तो जगातला सगळ्यात ओळखीचा भीतीदायक चेहरा आहे.

हिचकॉकच्या "सायको"मध्ये (१९६०) बाथरूमच्या प्रसंगात रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं, कारण सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट होता. "फ्रायडे द थर्टीन्थ"मधल्या जेसनचा हॉकी मास्क पहिल्या भागात नाहीच, तो आला १९८२ च्या तिसऱ्या भागात. आणि तो होता खेळाडूंच्या मास्कवरूनच घेतलेला.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. "झपाटलेला" (१९९३) मधला तात्या विंचू. तो बाहुला बनवला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी. तीस वर्षं होऊन गेली, तरी आजही लहान पोरं त्याला बघून आईच्या मागे लपतात.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. साहित्य साधं, पण डोकं लावलेलं. म्हणजे भांडवल कमी असलं तरी तुम्ही यात उतरू शकता. मात्र हिशोब कच्चा असेल तर उतरू नका.

सुरुवात कुठून करायची?

तीन पायऱ्या करा. एकदम तिसरीवर उडी नको.

पहिली पायरी: खोटं रक्त आणि जुने कागद. बेकरीच्या सामानाच्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं. त्यात खाण्याचा लाल रंग, अगदी थेंबभर निळा आणि चिमूटभर कोको पावडर घातली की रक्ताचा गडद रंग येतो. नुसता लाल रंग घातला तर ते रक्त न दिसता सरबत दिसतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा: कपड्यावर डाग पडतो आणि रात्रीत मुंग्या लागतात. म्हणून बाटलीवर तशी चिठ्ठी लावूनच द्या. जुनी पत्रं, नकाशे, मंत्राची वही यासाठी कागद चहाच्या कडक पाण्यात बुडवायचे, सुकवायचे आणि कडा हाताने फाडायच्या.

दुसरी पायरी: कागदी लगद्याचे मुखवटे. रद्दी, मैद्याची खळ, थोडा फेविकॉल. खळीत मोरचूद घालतात ते कीड लागू नये म्हणून, पण मोरचूद विषारी आहे. तोंडावर लावायच्या वस्तूत ते नको, त्याऐवजी मुखवटा पूर्ण सुकवून आतून-बाहेरून वॉर्निश मारा. ही कला आपल्याला परकी नाही. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याच्या सोंगांसाठी असे मुखवटे बनत आले आहेत.

तिसरी पायरी: रबरी म्हणजे लॅटेक्सचा मुखवटा. खरा भाव इथे मिळतो, म्हणून हेच नीट बघू.

लॅटेक्स मास्क: स्टेप बाय स्टेप

१. डमी डोक्यावर मातीने चेहरा घडवा. शाडू चालते, पण रोज ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावी लागते. प्लॅस्टिलिन सुकत नाही, त्यामुळे नवशिक्याला ते सोपं. लॅटेक्स सुकताना थोडं आकसतं, म्हणून चेहरा जरा मोठाच घडवा.

२. कानामागून मातीची भिंत उभी करून प्लास्टरचा दोन भागांचा साचा घ्या, आधी पुढचा, मग मागचा. मागचा भाग ओतण्याआधी पुढच्या भागाच्या कडेवर दोन-तीन खाचा पाडा आणि कडेला व्हॅसलीन लावा, नाहीतर दोन्ही भाग एकमेकांना चिकटतील. प्लास्टरमध्ये काथ्या घातला की साचा फुटत नाही. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत काम केलेल्या कुणालाही हे नव्याने सांगायला नको.

३. आतली माती काढा, साचा धुवा आणि चांगला सुकू द्या. दोन-चार दिवस तरी लागतात. घाई केली तर काम बिघडतं, कारण कोरडा साचा लॅटेक्समधलं पाणी शोषतो आणि त्यामुळेच आत रबराची कातडी जमते. ओल्या साच्यात ती जमत नाही. व्हॅसलीनचा अंशही आत राहू देऊ नका, तेलाने रबर खराब होतं.

४. साचा घट्ट बांधून प्रीव्हल्कनाइज्ड लॅटेक्स ओता. सगळीकडे फिरवा, तास-दीड तास थांबा आणि उरलेलं परत डब्यात काढा. मग पंख्याखाली सुकवा. पावसाळ्यात दुप्पट वेळ धरा.

५. सोलण्याआधी आत टाल्कम पावडर मारा, नाहीतर रबर रबराला चिकटून बसेल. मग डोळे, नाकपुड्या आणि तोंड कापा.

६. नुसता अॅक्रिलिक रंग लावला तर ताणल्यावर तडे जातात. रंगात थोडं लॅटेक्स मिसळून लावा.

सामान कुठे मिळेल? मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठ आणि बोहरी आळी. तिथे एक फेरी मारून या आणि दर लिहून आणा.

सुरक्षिततेत तडजोड नाही

- प्लास्टर घट्ट होताना तापतं. कुणाच्याही तोंडावर किंवा हातावर थेट साचा घ्यायचा नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. भाजतं.
- लॅटेक्सला अमोनियाचा उग्र वास असतो. खिडक्या उघड्या ठेवा.
- काहींना लॅटेक्सची अॅलर्जी असते. पाकिटावर मोठ्या अक्षरात "यात लॅटेक्स आहे" असं छापा.
- प्लास्टरची बादली मोरीत ओतू नका. पाइप कायमचा बंद होईल.
- चाकू, कोयता, पंजा हे खऱ्या पात्याचे बनवायचे नाहीत. फोम शीट कापा आणि चांदीसारखा रंग द्या. सिनेमातही मारामारीच्या सीनला असेच नरम प्रॉप वापरतात, क्लोजअपसाठी वेगळा असतो. शिवाय खरं पातं असलेलं पार्सल कुरियरवाला परत पाठवेल.

आता हिशोब

आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या गावचे दर टाकून वहीत परत मांडा.

एका मास्कला लॅटेक्स २५० रुपये, रंग ८०, केस आणि इलॅस्टिक ७०, पॅकिंग ५०. एकूण ४५०. बहुतेक जण इथेच थांबतात. मग ७०० ला विकतात आणि २५० सुटले म्हणून खूश होतात.

थांबा. साचा बनवायला ३,००० रुपये गेले आणि त्यातून २० चांगले मास्क निघाले, तर प्रत्येकावर १५० रुपये साच्याचे. तुमचे तीन तास, तासाला १०० रुपये धरले तर ३००. बेरीज झाली ९००. दहातला एक बिघडतोच, म्हणून दहा टक्के, म्हणजे ९० रुपये. खरा खर्च ९९०!

म्हणजे ७०० ला विकणारा माणूस प्रत्येक मास्कमागे २९० रुपये स्वतःच्या घामाचे फुकट वाटतोय. दहा मास्क विकले की २,९०० गेले. आणि ऑर्डर जितकी मोठी, तितका खड्डा मोठा.

समजा किंमत १,५०० ठेवली. थेट गिऱ्हाइकाला विकला तर ५१० रुपये नफा. दुकानात ठेवला आणि दुकानदाराने ३० टक्के घेतले, तर हातात १,०५०, नफा फक्त ६० रुपये. स्वतः दुकान चालवते म्हणून सांगते, दुकानदार ३० टक्के मागतो तेव्हा तो लुबाडत नसतो. त्याचं भाडं, लाइटबिल आणि पडून राहिलेला माल त्यातूनच निघतो. हे मार्जिन किमतीत आधीच धरा.

विकण्यापेक्षा भाड्याने द्या

आपल्याकडे भुताचा मुखवटा विकत घेऊन कपाटात ठेवणारे कमी. एका दिवसासाठी हवा असणारे खूप. कॉलेज गॅदरिंग, एकांकिका स्पर्धा, शॉर्टफिल्म करणारी पोरं, ऑक्टोबरअखेर हॅलोवीन पार्टी ठेवणारे कॅफे, जत्रेतला भूतबंगला.

दिवसाचं भाडं ३००, अनामत १,५००. धुण्या-पुसण्याचे ५० वजा केले तर एका वेळेला २५० सुटतात. चौथ्या वेळी १,००० झाले, म्हणजे ९९० चा खर्च वसूल. पाचव्यापासून नफा. वापर झाल्यावर आतून पुसून, पूर्ण सुकवून, पावडर मारून ठेवायचा. उन्हात वाळवायचा नाही, रबराचा भुगा होतो.

तुमच्या शहरातल्या ड्रेपरीवाल्यांना भेटा. नाटकाचे कपडे, दाढी-मिशा, गदा सगळं त्यांच्याकडे असतं, पण चांगला हॉरर मास्क क्वचित असतो. चार मास्क त्यांच्याकडे ठेवा आणि भाडं अर्धं-अर्धं वाटा.

कायद्याचं काय?

इथे नीट लक्ष द्या. "स्क्रीम" (१९९६) मधला मुखवटा सिनेमावाल्यांनी बनवला नव्हता. लोकेशन बघायला गेलेल्या टीमला तो एका घरात सापडला आणि तो निघाला "फन वर्ल्ड" कंपनीच्या मालाचा. शेवटी सिनेमाला त्या कंपनीशी करार करावा लागला. एवढ्या मोठ्या पिक्चरला परवानगी लागली, तर तुम्हाला-मला लागणार नाही का?

घरी शिकण्यासाठी, स्वतःच्या शेल्फवर ठेवायला रेप्लिका बनवणं वेगळं आणि ती विकणं किंवा भाड्याने देणं वेगळं. पात्राचा चेहरा आणि डिझाइन कॉपीराइटमध्ये येऊ शकतं, नाव आणि लोगो ट्रेडमार्कमध्ये. आपल्या कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. "फॅन मेड" असं खाली लिहिलं की सुटलो, हा गैरसमज काढून टाका. ऑनलाइन साइटवर तक्रार आली की लिस्टिंग उडतं, कधी अकाउंटही जातं, आणि तुमचे वीस तयार मास्क घरात पडून राहतात.

मग काय विकायचं? ज्यावर कुणा एकाची मालकी नाही ते. ब्रॅम स्टोकरची "ड्रॅक्युला" (१८९७) आणि मेरी शेलीची "फ्रँकेन्स्टाइन" (१८१८) या कादंबऱ्यांचा कॉपीराइट केव्हाच संपला. पण सावध! सपाट डोकं आणि मानेला बोल्ट हे रूप पुस्तकातलं नाही, ते १९३१ च्या युनिव्हर्सलच्या सिनेमातलं आहे. पुस्तक वाचा आणि तुमचा वेगळा राक्षस घडवा.

त्याहून चांगलं म्हणजे आपलं घरचं भांडार उघडा. हडळ, मुंजा, खवीस, चकवा. आजीने सांगितलेली ही मंडळी कुणाच्या कंपनीची नाहीत. इथेही दोन खबरदाऱ्या घ्या. "तुंबाड" (२०१८) मधला हस्तर लोककथेतला वाटतो, पण तो सिनेमासाठी रचलेला आहे. तो आपला नाही. आणि वेताळ कोकणात, गोव्यात ग्रामदैवत आहे, लोक त्याला नारळ ठेवतात. त्याला पार्टीचा मास्क करून विकू नका. गिऱ्हाइकाच्या श्रद्धेला धक्का लावून धंदा होत नाही.

मोठी ऑर्डर घेण्याआधी एकदा वकिलाला विचारा. उद्यम नोंदणी मोफत आहे, ती करून ठेवा. माल राज्याबाहेर पाठवणार असाल तर जीएसटीचं सीएला आधीच विचारा.

या महिन्याचा गृहपाठ

पहिला आठवडा: कुणाचीही आवडती रेप्लिका स्वतःसाठी बनवा, हात बसण्यासाठी. दुसरा आठवडा: तुमच्या गावातली भुताची एक गोष्ट निवडा आणि त्या पात्राचा स्वतःचा चेहरा मातीत घडवा. तिसरा: साचा आणि पहिले दोन मास्क. चौथा: दोन ड्रेपरीवाले आणि एक कॉलेजचा नाटकाचा ग्रुप, तिघांना प्रत्यक्ष जाऊन दाखवा. फोटो पाठवून भागत नाही, रबर हातात घेतल्याशिवाय कुणी भाव देत नाही.

तिघांपैकी एकानेही भाड्याने घ्यायची तयारी दाखवली तरच दुसरा साचा बनवा. तिघांनीही नाही म्हटलं तर खर्च तीन-चार हजारांवरच थांबला आणि कला हातात राहिली.

तुमचा खर्चाचा तक्ता भरून झाला की कमेंटमध्ये टाका. तासांचे पैसे धरलेत की नाही, ते मी आधी बघणार आहे!