कोल्हापुरीच्या कारागिराने सोशल मीडियावर काय दाखवावं?

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने हुबेहूब कोल्हापुरी वाटाव्यात अशा चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही. मोबाइलवर फोटो फिरले, लोकांनी चपला ओळखल्या, टीकेची झोड उठली. काही दिवसांतच या चपलांमागची प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं कंपनीने मान्य केलं. एवढ्या मोठ्या कंपनीला बोलतं करणारं हे माध्यम आज कारागिराच्याही खिशात आहे. रोजच्या धंद्यासाठी ते वापरायचं तर चकचकीत जाहिरात लागत नाही. घरात रोज चालणारं काम आहे तसं दाखवलं, की गिऱ्हाइकाचा विश्वास बसू लागतो.

काम दाखवा

तयार चपलेचा फोटो कुणीही टाकू शकतो. रेक्झिनचा नकली मालही फोटोत अस्सल वाटतो. फरक कळतो तो काम बघताना. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, रापीने कापलेला तळ, खिळा न मारता चामड्याच्या वादीने घातलेली शिवण, बारीक पट्ट्यांची वेणी, दोन्ही बाजूंचे कान. यातल्या प्रत्येक पायरीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ होतो. त्यावर सिनेमाचं गाणं टाकू नका, हातोडीचा ठोका ऐकू येऊ द्या. कापशी आणि पुकरी या प्रकारांत फरक काय, हे दोन्ही चपला हातात धरून सांगा. अशी माहिती कारागिराइतकी नेमकी दुसरं कुणी देऊ शकत नाही.

माणसं दाखवा

वेणी घालणं, शिवण, नक्षी ही कामं अनेक घरांत बायका करतात. दुकानाच्या पाटीवर मात्र त्यांचं नाव क्वचितच येतं. त्यांची संमती असेल तर त्यांचं नाव लिहा, त्यांनाच बोलू द्या. कॅमेऱ्यासमोर छापील मराठी बोलायची गरज नाही. कोल्हापूरकर ज्याला पायताण म्हणतात, त्याला पायताणच म्हणा. परगावच्या गिऱ्हाइकासाठी खाली दोन ओळी हिंदीत किंवा इंग्रजीत लिहिल्या की पुरे.

किंमत आणि अडचण उघड सांगा

“किंमत मेसेजवर विचारा” असं लिहिलं की गिऱ्हाईक बिचकतं. किंमत तिथेच लिहा आणि चामडं, मजुरी, लागलेले दिवस यांचा हिशेब एकदा नीट मांडा. पावसाळ्यात चामडं वाळायला वेळ लागतो, म्हणून ऑर्डर उशिरा जाईल, हेही आधीच कळवा. नवी चप्पल सुरुवातीला लागते, तिला तेल लावावं, पावसात घालू नये, भिजली तर सावलीत वाळवावी, या गोष्टी लपवण्याऐवजी स्वतःहून सांगा. माप चुकलं तर चप्पल परत येते आणि दोघांचं नुकसान होतं. म्हणून गिऱ्हाइकाला कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने कड काढायला आणि लांबी सेंटिमीटरमध्ये कळवायला सांगा.

शिक्का खरा असेल तरच लावा

कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं आहे. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात. या जिल्ह्यांत राहणं एवढंच मात्र पुरेसं नाही. जीआयचं चिन्ह वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. नोंदणी असेल तर प्रमाणपत्राचा फोटो पानावर ठेवा. नसेल तर चिन्ह लावू नका. उसना शिक्का एकदा उघडा पडला की त्या पानावरच्या खऱ्या व्हिडिओंवरही कुणी विश्वास ठेवत नाही. विकत घेतलेल्या फॉलोअर्सचंही तेच. आकडा फुगतो, ऑर्डर वाढत नाही.

गिऱ्हाइकांची यादी स्वतःकडे ठेवा

जून २०२०मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि अनेकांनी तिथे मेहनतीने जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत हातचा गेला. इन्स्टाग्रामवर लोक भेटतील, पण त्यांचा संपर्क आपल्या वहीत हवा. त्यांच्या परवानगीने नाव, गाव, फोन आणि पायाचं माप लिहून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे मोफत अ‍ॅप भारतात २०१८ पासून आहे. त्यातल्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक प्रकाराचा फोटो आणि किंमत टाकता येते, पैसे यूपीआयवर घेता येतात. रोज शुभेच्छांचे मेसेज मात्र पाठवू नका. नवा नमुना तयार झाला की एकच मेसेज करा.

झेपेल तेवढंच करा

रोज तीन व्हिडिओ टाकायचे म्हणून हातचं काम थांबत असेल तर ते चुकीचं आहे. आठवड्याला दोन व्हिडिओ, तेही काम चालू असतानाच घेतलेले, पुष्कळ झाले. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलाने किंवा मुलीने फोन सांभाळावा, उत्तरं मात्र काम जाणणाऱ्याला विचारून द्यावीत. तक्रार आली तर ती पुसून टाकू नका. चप्पल दुरुस्त करून द्या आणि तसं तिथेच लिहा.

घेणाऱ्यांवरही जबाबदारी आहे. पुढच्या वेळी कोल्हापुरी घ्याल तेव्हा ती कुणी बनवली हे विचारा, आणि आवडली तर त्या कारागिराच्या नावानिशी तिचा फोटो टाका.