अलिबागला जाताय? आधी ओहोटीची वेळ विचारा

दिवाळीच्या सुट्टीत लेकरांना समुद्र दाखवायचा तर अमरावती, अकोल्याहून रात्रीच्या रेल्वेनं मुंबई, गेटवेवरून बोटीनं मांडवा आणि पुढं अलिबाग हा सोपा मार्ग. पावसाळ्यात ही बोट बंद असते.

अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात शिवकालीन कुलाबा किल्ला आहे. ओहोटीला तिथं चालत जाता येतं. घोळ इथंच होतो. ओहोटीनंतर साधारण सहा तासांत पूर्ण भरती येते, पण वाट त्याच्या बऱ्याच आधी बुडते. ही वेळ रोज जवळपास ५० मिनिटं पुढं सरकते, म्हणून मागच्या आठवड्यात जाऊन आलेल्या शेजाऱ्याची वेळ आपल्या कामाची नाही. अमावस्या-पौर्णिमेला पाणी जास्तच चढतं. किनाऱ्यावरच्या माणसांना विचारूनच निघावं. किल्ल्यावर अडकलात तर पाण्यात उतरू नका, बोटीची किंवा पुढच्या ओहोटीची वाट पाहा.

विहिरीत, पूर्णेत पोहणाऱ्यांना समुद्राचं काही वाटत नाही. पण काही जागी परत जाणारं पाणी माणसाला आत ओढतं. तेव्हा सरळ किनाऱ्याकडं जोर लावला की दम संपतो. किनाऱ्याला समांतर, बाजूबाजूनं पोहत ओढीबाहेर यावं. पोहता येत नसेल त्यानं गुडघाभर पाण्यापुढं जाऊच नये.