दहा हजार वेळा छापा-काटा

1940 मध्ये जर्मनीने डेन्मार्क व्यापला आणि दक्षिण आफ्रिकेत शिकवणारे गणितज्ञ जॉन केरिच डेन्मार्कमध्येच अडकले. नजरकैदेच्या छावणीत त्यांनी नाणं उडवायला घेतलं. थोडंथोडकं नाही, 10,000 वेळा! छापा पडला 5,067 वेळा.

हे 67 जास्तीचे छापे म्हणजे नाणं खोटं असल्याची खूण का? नेमकं उत्तर हवं तर द्विपद सूत्राने हजारो पदांची बेरीज करावी लागते. यातून वाट काढली होती लंडनमधल्या फ्रेंच निर्वासित अब्राहम द म्वाव्हर यांनी, 1733 मध्येच. फेका पुष्कळ असल्या की द्विपद वितरणाचे स्तंभ घंटेसारख्या वक्राला जवळपास चिकटतात, हे त्यांनी दाखवलं.

मग हिशेब सोपा. सरासरी 5,000, प्रमाण विचलन 50. एक सुंदर बारकावा मात्र सांभाळायचा: छापे पूर्णांकात मोजतात, वक्र अखंड असतो, म्हणून 5,067 चा स्तंभ 5,066.5 पासून धरायचा. 66.5 भागिले 50, म्हणजे 1.33. या वक्राचा तक्ता सांगतो, दोन्ही बाजू मिळून एवढा किंवा याहून मोठा फरक पडण्याची शक्यता सुमारे 18 टक्के. नाण्यावर संशय घ्यायला हे पुरत नाही.

हा वक्र सगळीकडे चालत नाही. छाप्याची शक्यता 1 टक्का आणि फेका 100 असतील, तर एकही छापा न पडण्याची शक्यता खरी 37 टक्के. वक्राच्या हिशेबाने ती 31 भरते.